थांबली तर एसटी

माझ्या गाडीला कुणी डबा म्हणलं की माझं डोकं फिरतं. तसं ते लवकरच फिरतं, संभाजीनगरच्या गुलमंडीत कुणालाही विचारा. तिथं मागच्या गल्लीत माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल. सिल्लोड-सोयगावकडच्या बाया साडीचा काठ हातात धरून येतात आणि म्हणतात, "हबीबभाई, ह्याच्यात डाळिंबी द्या, पण डाळिंबी नको." सगळं आयुष्य अशा गिऱ्हाइकांपुढं तागे उलगडण्यात गेलेल्या माणसाचं डोकं जागेवर राहिलं हेच लई झालं.

तर गाडी. जुनी आहे, मान्य. पेट्रोलची, गिअर स्टिअरिंगच्या दांडीला, दार लावलं की 'धप्प' असा भरीव आवाज येणारी. रंग फिकट पिस्ता. कंपनीचं नाव सांगत नाही, कंपनी तरी कुठं राहिली आता. म्हातारी म्हणा, खडूस म्हणा, चालेल. पण डबा नाही म्हणायचं.

आणि डबा म्हणणारी कोण? बाहेरचं कुणी नाही. ताहेरा, माझी बायको. घरात आम्ही दखनीत भांडतो, तुम्हाला मराठीत सांगतोय. भांडण तेच आहे.

तिचंही चूक नव्हतं, हे मी दुकानात बसून कबूल करतो, घरी नाही. या जुन्या गाड्यांना एक रोग असतो. टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप इंजिनालाच चिकटवलेला. मिस्त्री लोक त्याला एसी पंप म्हणतात. गार हवेच्या एसीशी त्याचा काडीचा संबंध नाही, उलट तोच सगळ्यात आधी तापतो. मे महिन्याच्या उन्हात गाडी चढणीला लागली की इंजिनाच्या धगीनं आतलं पेट्रोल उकळतं, त्याची वाफ होते, आणि पंप नुसता वारा ओढत बसतो. गाडी खोकते, हिसके देते आणि मान टाकते. इलाज सगळ्या जुन्या ड्रायव्हरांना ठाऊक आहे. फडकं भिजवायचं, पंपाला गुंडाळायचं, सावली बघून बसायचं. पंप गार झाला की गाडी काही झालंच नाही अशा तोऱ्यात चालू होते. आमच्या डिकीत पाण्याचा कॅन आणि फडकं कायमचं. फडकं भिजवून द्यायचं काम ताहेराचं. बॉनेट उघडण्यापासून पंपाभोवती पीळ देऊन गाठ मारण्यापर्यंत तिला सगळं येत होतं. लग्न झाल्यापासून तिनं स्वयंपाकघरातली जेवढी फडकी भिजवली नसतील तेवढी रस्त्यात भिजवली.

हे सगळं तिनं सोसलं. पण लाइबाच्या लग्नाचं सोसलं नाही.

लाइबा म्हणजे ताहेराच्या बहिणीची मुलगी. लहानपणी आमच्याकडंच असायची, ताहेराच्या मांडीवर झोपायची. तिचा निकाह सिल्लोडला होता. ताहेरा म्हणाली, आपण सगळ्यांबरोबर टेम्पो ट्रॅव्हलरनं जाऊ. मी म्हणलं, घरची गाडी असताना लोकांच्या गाडीत? मी म्हणजे मी. गाडी चौक्याच्या घाटात थांबली. फडकं झालं. पुढं आळंदच्या अलीकडं परत थांबली. परत फडकं. आम्ही पोचलो तेव्हा मांडवातल्या खुर्च्या एकावर एक रचत होते. निकाह झाला होता, जेवणं झाली होती, रुखसती झाली होती. लाइबा सासरी निघून गेली होती, आणि जाताना मावशीसाठी "खाला कुठाय, खाला कुठाय" करत रडली, असं तिची आई सांगत होती. ताहेराच्या हातात बांगड्यांचा डबा होता. लाइबाच्या हातात ती स्वतः भरणार होती.

ती मला एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर मी उलट ओरडलो असतो आणि हिशेब मिटला असता. ती गुपचूप एसटीनं घरी आली. त्या दिवसापासून ती माझ्या गाडीत बसली नाही. दवाखान्यात रिक्षानं, बाजारात रिक्षानं, माहेरी एसटीनं. मी रविवारी गाडी काढायचो, म्हैसमाळला जायचो, एकटाच कणीस खायचो आणि यायचो. शेजारच्या सीटवर टोपी ठेवायचो. लोक विचारायचे, हबीबभाई, एकटेच? मी म्हणायचो, शांतता लागते हो मला. कसली शांतता आणि कसलं काय! मला ती शेजारी बसायला पाहिजे होती. खिडकीतून बघत "ते बघा, हे बघा" करायला पाहिजे होती. बाकी काही नाही.

अशात उजैरचं लग्न ठरलं. उजैर लाइबाचा धाकटा भाऊ. मुलगी सोयगावची, निकाह सोयगावला, तारीख भर मे महिन्यातली. मी रात्रीच्या जेवणात सहज विषय काढल्यासारखं केलं. "आपण गाडीनं जाऊ."

"तुम्ही जा. मी वऱ्हाडाच्या बसनं येईन."

"ताहेरा, एकदा. एकदाच बस. गाडीला नवा पंप बसवतो. विजेवरचा. तो तापत नाही."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला, पाणी प्यायली. मग म्हणाली, "ठीक आहे. पण अट आहे. चहाला, नमाजला आपण थांबवली तर हरकत नाही. गाडी आपल्या मनानं थांबली, एकदा जरी, तर मी तिथूनच एसटीत बसणार. आणि त्यानंतर गाडीत बस म्हणून मला जन्मात विचारायचं नाही."

"कबूल."

"आणि सकाळच्या गारव्यात जाऊन दाखवाल, ते धरायचं नाही. येताना अजिंठ्याचा घाट आहे, उन्हातला. तो चढून दाखवा."

बाई हुशार आहे. मी छातीवर हात ठेवून शब्द दिला आणि रात्रभर कूस बदलत राहिलो.

खंडेरावचं गॅरेज हर्सूलला आहे. खंडेराव मूळचा फुलंब्रीकडचा, धनगराच्या घरातला. भावाकडं अजून मेंढरं आहेत, हा एकटाच गाड्यांकडं वळला. आवाज एवढा मोठा की समोरच्याच्या कानात बोलला तरी रस्त्यापलीकडं ऐकू जातं. मी अट सांगितली तेव्हा तो पोट धरून हसला.

"वैनींनी बराबर पकडलं तुमाला! आता काय सुटका नाय, हबीबभाई."

"हसतो काय? पंप बसव."

"बसवू की. आना तुमी."

मी मोबाइलवर फोटो बघून पंप मागवला. दिसायला देखणा, चकचकीत. खंडेरावनं जोडला, मी चावी फिरवली, आणि पुढून कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल असं उसळलं की मिस्त्री आणि मालक दोघं दोन दिशांना पळालो. "बंद करा! आवो, बंद करा!" खंडेराव ओरडतोय, आणि मी गाडीपासून चार हात लांब, चावी गाडीत. शेवटी त्यानंच पळत येऊन चावी फिरवली आणि बादलीभर माती टाकली. पंप नव्या जमान्याच्या गाड्यांचा निघाला. त्याचं प्रेशर आमच्या कार्बोरेटरला झेपणारं नव्हतं.

"भाई, तुमची शेळी हाय," खंडेराव हात पुसत म्हणाला. "तुमी तिला म्हशीच्या पखालीनं पाणी पाजाय लागले. पुढच्या टायमाला फोटो नका बघू, मला इचारा."

मग त्यानं स्वतः मोंढ्याकडच्या ओळखीच्या दुकानातून पंप आणला. बारका, मुठीएवढा, कार्बोरेटरच्या गाड्यांसाठीचाच. आता तरी झालं म्हणायचं, तर यानं तो पुढंच बसवला, इंजिनाशेजारी. म्हणे पाइप छोटा लागतो, वायर छोटी लागते. चावी फिरवली. पंप टिकटिक टिकटिक करतोय आणि पेट्रोलचा थेंब नाही. पाइप तपासला, फिल्टर तपासला, टाकीत तोंड घालून फुंकून पाहिलं. टिकटिक चालूच. माझा पारा चढला.

"घड्याळ बसवलंस का काय? वेळ तरी बरोबर दाखवतंय का बघ!"

खंडेराव चिडला. उठून रस्त्यापलीकडं गेला आणि दगडावर बसून राहिला. मी इकडं, तो तिकडं, मधून जळगावकडच्या गाड्या जात होत्या. तेवढ्यात फुलंब्रीच्या बाजूनं मेंढरांचा एक कळप आला. धनगर मागून काठी आपटत, चक् चक् करत येत होता. मेंढरं पुढं पळत होती. खंडेराव ताडकन उठला आणि गाड्यांमधून वाट काढत इकडं धावत आला.

"भाई! मी येडा हाय!"

"ते मला माहितीये. पुढं बोल."

"मेंढरं मागनं हाकायची असत्यात. पुढनं वढली तर येतील का? ह्यो पंप ढकलनारा हाय, वढनारा नाय. टाकीपाशी पायजेल, मागं, टाकीच्या खाली! बापानं लहानपनी शिकवलेलं, आन् मी पंपाला विसरलो."

आणि बसवला त्यानं. मागं, डिकीच्या खालच्या अंगाला, रबराच्या गुटक्यांवर, म्हणजे थरथर लागू नये. पंपाच्या आधी फिल्टर, म्हणजे टाकीतला गाळ त्याच्या घशात जाऊ नये. धडक बसली तर पंप आपोआप बंद होईल असं एक बटणही लावलं. मग पुढं येऊन जुना एसी पंप काढला, त्याच्या भोकावर पत्र्याची चकती घट्ट बसवली. आणि त्या जागेच्या शेजारीच एक काळी डबी लावली. ती रिले. चावी फिरवली की ती 'टक्' करते आणि मागच्या पंपाला वीज सोडते. तिला लागून फ्यूज. वरून एक जास्तीचा फ्यूज टेपनं चिकटवून ठेवला.

"इथंच कशाला लावली? दुसरीकडं लाव की."

"एवढे वर्स तिथं पंप व्हता. जागा एकदम रिकामी दिसली तर गाडीला करमनार नाय."

मी चावी फिरवली. पुढं टक्. मागून टिकटिक टिकटिक, मग हळूहळू सावकाश, मग गप्प. पेट्रोल भरलं. स्टार्टर मारला आणि गाडी पहिल्याच दमात अशी बोलली की मी खंडेरावला मिठी मारली. माझ्या पांढऱ्या सदऱ्याला त्याच्या ऑइलचे दोन्ही पंजे उमटले. धुतलाच नाही मी तो सदरा बरेच दिवस. दोघांनी उभ्या उभ्या पावशेर पावशेर इमरती खाल्ली.

घरी आलो ते तोंड थांबेना. पंप कुठं बसवला, का बसवला, मेंढरं कशी हाकतात, सगळं ताहेराला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "हूं," म्हणायची. "हौ," म्हणायची. माझा सगळा तमाशा झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे फडकं लागणार नाही?"

"नाही! फडकं गेलं! कॅन गेला!" मी तिच्यासमोर डिकीतून दोन्ही काढून गच्चीवर फेकून आलो.

"बघू," म्हणाली.

लग्नाच्या दिवशी पहाटेची नमाज झाली आणि आम्ही निघालो. ताहेरा खाली आली. अंगावर सिल्कचा सूट आणि मोरपंखी मलमलची ओढणी, मीच ईदला आणलेली. तिनं गाडीचं दार उघडलं, सीटवर हात फिरवला, बसली. धप्प. लई दिवसांनी तो आवाज दोनदा ऐकला, एकदा माझ्या बाजूनं, एकदा तिच्या. मी टोपी शेजारच्या सीटवर न ठेवता डोक्यावर घातली आणि गाडी काढली.

चौक्याचा घाट गाडीनं गाणं म्हणत चढली. फुलंब्री गेली, आळंद गेलं, सिल्लोड गेलं. सिल्लोडला ताहेरानं मान वळवून लाइबाचा मांडव होता तिकडं पाहिलं. अजिंठ्याचा घाट उतरलो आणि सोयगावला पोचलो तेव्हा मांडवात कापड बांधत होते. आम्ही वऱ्हाडाच्याही आधी! ताहेरानं मग काय सोडलं नाही. हार तिनं मोजून घेतले, शरबत तिनं चाखलं, नवरीच्या हातात बांगड्या तिनं भरल्या, आणि काझींनी उजैरला विचारलं तेव्हा ती पडद्याआड पहिल्या रांगेत होती. लाइबाही आली होती, पोर कडेवर घेऊन. दोघी गळ्यात गळे घालून रडल्या, मग हसल्या, मग लाइबानं मला लांबून विचारलं, "खालू, आज कशानं आलात?" मी म्हणलं, "गाडीनं!" आख्खा मांडव माझ्याकडं बघायला लागला, एवढ्या मोठ्यानं म्हणलं.

पण खरी परीक्षा पुढंच होती. निघालो तेव्हा उन्हं कलली होती, पण झळा तशाच. फर्दापूरला अस्रची अजान झाली. घाटाच्या पायथ्याला मशिदीपाशी मी गाडी लावली.

"आपण थांबवली. धरायचं नाही."

"हौ, नाही धरत. जा तुम्ही."

मी नमाज पढून आलो. दुआ जरा लांबवली होती. काय मागितलं ते सांगायची गरज नाही. आलो तर ताहेरा सीटवर ताठ बसलेली, हात ओले, पाण्याची बाटली रिकामी.

"तोंड धुतलं," न विचारताच म्हणाली.

निघालो. पहिलं वळण झकास. दुसरं वळण झकास. मी शीळ घालायला लागलो. आणि गाडी खोकली.

मी शीळ थांबवली. गाडी परत खोकली, एक हिसका दिला, आणि चढावर, कठड्याच्या बाजूला, मान टाकली.

मी चावी फिरवली. मागून टिकटिक नाही. परत फिरवली. नाही. मी उतरलो, पाठीमागं जाऊन नवी पँट घालून रस्त्यावर आडवा झालो, डिकीखाली हात घातला. पंप जागेवर, पाइप जागेवर, वायर जागेवर, आणि पंप मुका. खंडेरावला फोन लावला तर घाटात रेंज नाही. मी उठून पुढं आलो, बॉनेटला हात घालणार, तर ताहेरा आतून म्हणाली, "राहू द्या हो. हात भाजेल."

"भाजू दे!"

"नक्को म्हणते ना. सावलीत बसा जरा."

मग मला राग आला. मला वाटलं, हिला घाई झाली आहे. जिंकली आहे, आता तोंडावर दाखवत नाही एवढंच. खालच्या वळणावरून एसटीचा घरघराट आला. पाटी दिसली, सोयगाव ते छत्रपती संभाजीनगर. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो आणि दोन्ही हात वर केले. शब्द म्हणजे शब्द.

बस थांबली. कंडक्टर दारातून वाकला. "काय झालं काका? बंद पडली?"

"मला नाही यायचं. हिला घेऊन जा."

बसमधली सगळी डोकी खिडक्यांना आली. मी जाऊन ताहेराच्या बाजूचं दार उघडलं. "चल. तुझं खरं झालं."

ती उतरेना. पर्स दोन्ही हातांनी धरून समोर बघत बसली.

"उतर ना बाई! मी शब्दाचा पक्का आहे!"

"काकू, या लवकर," कंडक्टर म्हणाला, "मागं गाड्या लागल्यात."

"बॉनेट उघडा," ताहेरा मला म्हणाली.

"आत्ताच तर नक्को म्हणालीस!"

"उघडा म्हणते ना!"

मी रागारागात बॉनेट वर केलं. आणि बघतच राहिलो. जुन्या पंपाच्या जागेशेजारी, खंडेरावच्या काळ्या डबीला आणि फ्यूजला, ओलं गच्च कापड पीळ देऊन गुंडाळलेलं. वर नीट गाठ. पाणी अजून टिपकत होतं. कापड मला डोळे मिटून ओळखता येतं. मलमल. मोरपंखी. मी वळून पाहिलं तर ताहेराच्या ओढणीला एका बाजूला पदरच नव्हता.

ती उतरली. माझ्याकडं आली नाही, बसकडं तोंड करून उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "गाडी थांबली नाही. मी थांबवली."

जन्मात कधी चूक कबूल न करणारी बाई! मिठाचा डबा स्वतः सांडून मांजरावर नाव घालणारी!

"मला वाटलं हाच नवा पंप," ती म्हणाली. "चावी फिरवली की इथंच टक् वाजतं. जागा पण तीच. म्हणलं ओलं करून ठेवते."

बसमधून पुढच्या खिडकीतली एक म्हातारी, कपाळाला मोठं कुंकू, तिनं विचारलं, "आगं पर कशापायी माय? त्यो तर म्हन्तोय तुझंच खरं झालं."

आणि मला जे तिनं कधी सांगितलं नसतं ते तिनं त्या म्हातारीला सांगितलं. "मावशी, घाटात तापून थांबली असती तर ह्यांचं तोंड एवढंसं झालं असतं. पंपापायी उपाशीतापाशी हर्सूलला जाऊन बसत होते. मला बघवलं नसतं ते."

"पण मी हरलो असतो तर तू जिंकली असतीस!" मी म्हणलं.

"मग काय करू जिंकून?" आता मात्र ती माझ्याकडं वळली. "तिकडं एसटीत एकटी बसू, आणि तुम्ही इकडं एकटे? एवढी वर्षं तेच तर केलं. कंटाळले मी."

मी रडलो. खोटं कशाला बोलू, आख्ख्या एसटीसमोर रडलो. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं होतं ऐकायला. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न मारला तर बसमधल्या दोघातिघांनी खिडकीतून हात काढून त्याला गप्प केलं.

"काकू," कंडक्टर हळूच म्हणाला, "येताय का राहताय?"

"राहते," ताहेरा म्हणाली.

"चला वो मास्तर," म्हातारी म्हणाली, "ह्यांचं त्ये बघतील." कंडक्टरनं टिंग टिंग केलं आणि बस वर गेली. वळणापर्यंत लोक मागं वळून हात हलवत होते.

मग आम्ही दोघं बॉनेटमध्ये वाकलो. ताहेरानं गाठ सोडली, तिनंच मारली होती, माझ्यानं सुटली नसती. मी रिले उपसून काढली, झटकली, सदऱ्याच्या पोटाला पुसली, तापलेल्या कठड्यावर उन्हात ठेवली. फ्यूज उडालेला होता. खंडेरावनं टेपनं चिकटवलेला काढून बसवला. ताहेरा फुंकून फुंकून खोबणी वाळवत होती, गाल फुगवून, केस कपाळावर आलेले. मी हसायला लागलो. मग तीही. असं हसलो की आम्हाला कठड्याला टेकून बसावं लागलं. तिनं ओढणीच्या उरलेल्या पदरानं माझं तोंड पुसलं आणि ऑइल आणखी पसरवलं.

"पंप कुठं आहे मग?" तिनं विचारलं.

"मागं. किती वेळा सांगितलं मी त्या दिवशी!"

"तुम्ही बोलायला लागलात की मी तांदूळ मोजते."

मी तिला मागं नेलं, वाकून दाखवलं. तिनं खाली बघून मान डोलावली. मग मी चावी तिच्या हातात दिली. तिनं फिरवली. पुढं टक्, मागून टिकटिक टिकटिक. तिनं कान लावून ऐकलं, ती टिकटिक सावकाश होत थांबेपर्यंत. "बस्स एवढाच आवाज ह्याचा?" म्हणाली. "एवढ्यासाठी पावशेर इमरती?"

गाडी चालू झाली आणि उरलेला घाट न खोकता, न हिसकता, एका दमात चढली. वर येताच फोनला रेंज आली आणि खंडेरावचा फोन. "भाई, काय झालं? चढली का?" मी काही म्हणायच्या आत ताहेरानं फोन हिसकला. "चढली भैया. पण ती काळी डबी तिथून हलवा. ती जागा चुकीची आहे." पलीकडून खंडेराव काय ओरडला ते मला गाडीच्या आवाजातही ऐकू आलं, पण समजलं नाही.

अजिंठ्याच्या स्टँडवर तीच एसटी चहापाण्याला थांबून अजून उभी होती. माणसं चढत-उतरत होती. मी तिला ओलांडायला गाडी काढली, तेवढ्यात ताहेरानं माझा दंड धरला.

"हळू घ्या."

मी ब्रेकवर पाय ठेवला. "काय झालं? कसला आवाज येतोय का?"

"नाही हो. ती मावशी खिडकीत बसलीय. बघू दे ना तिला."

ताहेरानं काच पूर्ण खाली केली, अर्धी बाहेर वाकली आणि हात हलवायला लागली. म्हातारीनं पण हलवला, मग कंडक्टरनं, मग सगळ्या बसनं. मी गाडी एवढी हळू घेतली की इथंही मागचा एक ट्रकवाला हॉर्न बडवायला लागला. बडवू दे म्हणलं.